डॉक्टरविरुद्ध मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली, चुकलं का?

जतकर: वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन मिरजेत एका खाजगी दवाखान्यात झालं. दुसऱ्या रात्री पोट दगडासारखं कडक, उलट्या, घामानं चादर भिजलेली. सिस्टरनं दोनदा फोन लावला. डॉक्टर फोनवरच "गॅस आहे, इंजेक्शन द्या" म्हणाले, आले सकाळी सातला. आतड्याला भोक पडलं होतं. चौथ्या दिवशी वडील गेले. मी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली, डॉक्टरांना नोटीस गेलीय. आता गावातली मोठी माणसं घरी येऊन म्हणतात, "देवमाणूस आहे, मागं घे." मी घेणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

विट्याचा सर्जन: जतकर, तुमचं दुःख समजतंय, तरी स्पष्ट लिहितो. आतड्याला इजा चांगल्या हातूनही होते. २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सुप्रीम कोर्टानं हेच म्हटलं, पेशंट दगावला म्हणजे हलगर्जीपणा झालाच असं नाही. कौन्सिलकडची नोंदणी, म्हणजे डॉक्टरकीचा परवाना, जायची भीती बसली की माझ्यासारखा माणूस अवघड पेशंटला हात लावत नाही, "मिरजेला न्या" म्हणतो. जतहून मिरजेपर्यंतच्या दीड-दोन तासांत काय होतं, तुम्हाला माहीत आहे.

जतकर: डॉक्टरसाहेब, भोक पडलं म्हणून तक्रार नाही. ते रात्री आले नाहीत म्हणून आहे. घर दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. आणि चार्ट बघा. बारा, एक, दोन आणि तीन, या चारही वेळांना नाडी ८८, एकाच पेनानं, एकाच दमात लिहिलेली. दीड वाजता मी स्वतः सिस्टरला उठवलं होतं, त्याची एक ओळ नाही. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचे असतात. मला एकोणीस दिवस लागले.

कृष्णाकाठ: ग्राहक आयोगात का नाही गेलात? १९९५ पासून डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते.

जतकर: आयोग भरपाई देतो. मला पैसे नकोत. नोंदणीला हात लावायचा अधिकार कौन्सिलचा.

सांगलीची सिस्टर: दादा, बावीस वर्षं वॉर्डात काढलीत. असा चार्ट पहाटे भरला जातो, खोटं कशाला बोलू? पण एका सिस्टरकडं तीस पेशंट असतात. सगळं खापर तिच्या माथी फुटेल, तेवढं होऊ देऊ नका.

विट्याचा सर्जन: चार्ट असा असेल तर त्या रात्रीचा बचाव मी करणार नाही. पोट कडक झालंय कळल्यावर उठून जायचंच असतं. तरी निलंबन व्हावं असं मला आजही वाटत नाही, ताकीद पुरे. सहा महिन्यांत निकाल लावावा असा नियम आहे, पण प्रकरणं लांबतात, आणि तोवर गावात डॉक्टरचा निकाल लागलेला असतो.

जतकर: म्हणूनच नाव इथंही लिहिलं नाही. ताकीद पुरे की निलंबन, ते कौन्सिलनं कागद बघून ठरवावं. मुंबईला सुनावणीचं बोलावणं आलं की चार्टची झेरॉक्स आणि त्या रात्रीच्या फोनच्या वेळा घेऊन जाणार आहे. ताई, सिस्टरवर माझा रोष नाही. तिनं दोनदा फोन लावला होता, हेही अर्जात लिहिलंय.