मदत हवी आहे: परदेशातल्या घरात हिस्सा घ्यावा का?

आम्ही दोघं परदेशात सुट्टीसाठी घर बघतोय, अख्खं परवडत नाही म्हणून फ्रॅक्शनल ओनरशिपमध्ये १/८ हिस्सा घ्यायचा विचार आहे, म्हणजे वर्षाला साधारण साडेसहा आठवडे आपले. टाइमशेअरमध्ये बहुतेकदा नुसता ठरावीक दिवस राहायचा हक्क मिळतो, इथे बऱ्याचदा घर ज्या कंपनीच्या नावावर असतं तिचे शेअर्स आपल्या नावावर होतात, एवढं कळलंय. पण खरी काळजी बाहेर पडायची आहे हो. हिस्सा विकताना आधी बाकीच्या मालकांना विचारावं लागतं का, आणि कोणी मेंटेनन्स थकवला तर तो बोजा आपल्यावर येतो का? सुट्टीच्या सीझनच्या तारखा कशा वाटून घेता? ज्यांनी खरंच घेतलंय त्यांनी प्लीज सांगा, आयुष्यभराची बचत आहे. करारात नेमकं काय तपासू?