शब्दचर्चा: ‘अर्धपारदर्शक काँक्रीट’ म्हणावे का?

शाईदौत: अनुवादात अडले आहे. हंगेरीचे वास्तुविशारद आरोन लोशोन्त्सी यांनी २००१ मध्ये मांडलेले, प्रकाशतंतू (ऑप्टिकल फायबर) घातलेले काँक्रीट. मी ‘पारदर्शक’ लिहिले, संपादकांनी ‘अर्धपारदर्शक’ केले. बरोबर कोणते?

साचेवाला: दोन्ही नाहीत. अर्धपारदर्शक म्हणजे दुधी काच; तिचे अख्खे अंग उजेड सोडते आणि पलीकडचे सगळे धूसर करते. इथे काँक्रीट अपारदर्शकच राहते, उजेड फक्त तंतूंतून येतो. म्हणूनच ठोकळ्यामागे अगदी लागून हात धरला तर बोटांची कड रेखीव उमटते. ‘प्रकाशवाही’ म्हणा.

मोडीवाचक: मराठीत कवडसा असताना संस्कृताकडे का धावायचे? ‘कवडशी काँक्रीट’! मूळ ‘कवाड’ असावे, असा माझा कयास.

साचेवाला: कयास राहू द्या, पण कवडशाला भोक लागते आणि इथे पोकळी राहिली की ठोकळा बाद. खडी चालत नाही, ती तंतू चेपते. सिमेंट-बारीक वाळूचा सैलसर माल, त्यावर तंतूंचा थर, पुन्हा माल. प्रत्येक तंतू या तोंडापासून त्या तोंडापर्यंत सलग हवा. घनफळाच्या ४ टक्के तंतू धरले, तर १० × १० सेंमी तोंडावर १ मिमी जाडीचे सुमारे ५१० बसतात. माल घट्ट झाल्यावर तंतूंना आडवे कापून तोंडे घोटायची. टोकांवर सिमेंटची साय राहिली तर उजेड अडतो. अ‍ॅक्रिलिकचे तंतू कोरडे घासले तर टोके वितळून माखतात. पाणी सोडतच घासायचे.

वेलांटी: ‘तंतुकाँक्रीट’ तर मुळीच नको, त्याने पोलादी तंतूंचे काँक्रीट समजेल. पण २०१० च्या शांघाय जागतिक प्रदर्शनातले इटलीचे दालन? तिथल्या काँक्रीटमधूनही उजेड यायचा, पण त्यात तंतू नव्हते, फटींत पारदर्शक राळ होती. त्यालाही ‘प्रकाशवाही’च?

शाईदौत: राळ झाडाची. इथे ‘रेझिन’ लिहावे.

मोडीवाचक: झाडाची असो की कारखान्यातली, घट्ट होणारा चिकट पदार्थ तो राळच. ‘काँक्रीट’ घेतले म्हणून सगळेच शब्द सोडायचे का?

साचेवाला: माल मागवताना ‘राळ’ पुरत नाही. इपॉक्सी उन्हात पिवळी पडते, अ‍ॅक्रिलिक बरेच टिकते. कोणती हवी ते नावानेच सांगावे लागते.

वेलांटी: म्हणजे ‘इपॉक्सी राळ’, ‘अ‍ॅक्रिलिक राळ’. अडचण काय?