१५ ऑगस्टला झेंडावंदन सोडून समुद्रावर गेलं तर बिघडलं कुठे?

सिंहगड_रोड
यंदा १५ ऑगस्ट शनिवारी, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यावाल्यांची सुट्टी बुडालीच. तरी शुक्रवारची रजा टाकून आम्ही महाराष्ट्र-गोवा सीमेवरचं रेडी, तेरेखोल, केरी करणार आहोत. सोसायटीच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं आणि "हल्लीच्यांना स्वातंत्र्य फुकट मिळालंय" इथपर्यंत गाडी गेली. माझं म्हणणं सरळ आहे. सुट्टी माझी, कशी घालवायची ते मी ठरवणार. अर्धवट झोपेत रांगेत उभं राहायचं, अध्यक्षांचं पार्किंगवरचं भाषण ऐकायचं, जिलबी खाऊन घरी जायचं, यात देशप्रेम नेमकं किती? आठवडाभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्याने दोन दिवस लाटा बघत लोळलं तर देशाचा कसला अपमान? मतं द्या, शिव्या नकोत.

निवृत्त_मास्तर
भाषण रटाळ असतं, मान्य. पण तेरेखोल म्हणालात म्हणून लिहितो. १५ ऑगस्ट १९५४ ला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तिथल्या किल्ल्यावर तिरंगा लावला होता. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. पोर्तुगीजांनी त्यांना पकडून तुरुंगात टाकलं. पुढच्या वर्षी, त्याच तारखेला, देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्यात शिरले. बांद्याच्या पुढे, सीमेवरच्या पत्रादेवीला गोळीबार झाला. पंजाबचा कर्नैल सिंग तिथे पडला. मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय हातात झेंडा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळ्या लागल्या. आज किल्ल्यात हॉटेल आहे. लोळा खुशाल, पण कुठल्या तारखेला कुठे लोळतोय याचा पत्ता तरी असावा.

सिंहगड_रोड
म्हणजे मी योग्य ठिकाणीच चाललोय की! सोसायटीत थांबलो असतो तर यातलं एक अक्षर कानावर पडलं नसतं.

निवृत्त_मास्तर
तिथे जाऊनही पडलं नसतं. मी लिहिलं म्हणून कळलं.

नाईट_शिफ्ट
मास्तर, आदर ठेवून सांगतो, सुट्टीला परीक्षा करू नका. आमचे क्लायंट परदेशातले, त्यांना १५ ऑगस्ट काय आणि १६ काय. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या पगारी सुट्ट्या आहेत. त्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार आणि बदली सुट्टी. हजेरी लावा, मगच सुट्टी मिळेल, असं त्यात कुठेही नाही. सरकारी नोकरांना झेंड्याला हजर राहावं लागतं, ते ठीक. आमच्यासारख्याला ज्या दिवशी फोन वाजत नाही, तोच स्वातंत्र्यदिन.

फोंड्याची
पुण्याचं भांडण पुण्यात ठेवा, किनारा आमचा आहे. आमच्या आजोबांना १५ ऑगस्ट १९४७ ला काही मिळालं नव्हतं. गोवा सुटला १९ डिसेंबर १९६१ ला. आणि १९ डिसेंबरला इथे पर्यटक मावत नाहीत, पण त्यातल्या कितीजणांना तारीख ठाऊक असते? मला झेंडावंदन चुकवणाऱ्यांचा त्रास नाही. त्रास आहे तो गालावर तिरंगा रंगवून, हातात बाटली घेऊन घोषणा देत येणाऱ्यांचा. घोषणा विरून जातात, काचा वाळूत राहतात. गाडीच्या बॉनेटवर झेंडा अंथरून फोटो काढतात. ध्वजसंहितेत त्याला चक्क मनाई आहे. यापेक्षा गुपचूप लोळणारा परवडला.

रेडीकर
आमका सुट्टी नाय, आमका गिऱ्हाईक. चार खोल्या आहेत, जून-जुलैत पाल चुकचुकते. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते, ताजं मासं मिळायला लागतं, म्हणून १५ ऑगस्टचे दोन-तीन दिवस आमच्यासाठी मोठे. मास्तर लोकांना घरी बसवतात ते आमच्या पोटावर येतं. पण पाहुण्यांनो, श्रावणातला समुद्र हा बघायचा समुद्र. वर शांत दिसला तरी खाली ओढ असते. गुडघ्याएवढ्या पाण्यातही उतरू नका. आम्ही जन्म इथे काढला, आम्हीही उतरत नाही. आणि इतिहासच हवा तर शिरोडा जवळच आहे. १९३० च्या मे महिन्यात मिठागरांवर सत्याग्रह झाला तो तिथेच.

निवृत्त_मास्तर
घरी बसा असं मी म्हटलेलंच नाही. शुक्रवारी जा, रविवारी या, सूर्यास्त तिन्ही दिवस असतो. शनिवार सकाळचा पाऊण तास मागतोय, तोही तिथल्या तिथे.

नाईट_शिफ्ट
पाऊण तास "मागितला" की तो सक्तीचा व्हायला वेळ लागत नाही. आज सोसायटीत हजेरी, उद्या ग्रुपवर गैरहजरांची यादी.

रेडीकर
आमच्या शाळेत सकाळीच असतो झेंडा. पोरं लेझीम करतात. पाहुण्यांना कोणी अडवत नाही. गाडीने पाच-दहा मिनिटं.

सिंहगड_रोड
@रेडीकर, दोन खोल्या धरून ठेवा. तिथून तेरेखोलला थेट रस्ता आहे ना? की फेरी घ्यावी लागते?

रेडीकर
तेरेखोलला रस्ता. फेरी पलीकडे केरीला जायला. आणि लेझीम?

सिंहगड_रोड
नाही हो. सुट्टीत गजर लावणार नाही, मग झेंडा सोसायटीतला असो की शाळेतला. जाग आली तर येईन.

निवृत्त_मास्तर
नका लावू गजर. मग "प्राउड इंडियन"चं स्टेटसही ठेवू नका.

सिंहगड_रोड
स्टेटस ठेवणारच. तेरेखोलवरून. आफोन्सोंचं नाव घालून.

फोंड्याची
स्पेलिंग विचारून घाला.