मदत हवी आहे: अमेरिकेतल्या ऑनलाइन लिलावातून जुना पूल क्यू घ्यावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात, घोडबंदर रोडला राहतो. माझा मोठा भाऊ मनापासून पूल (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) खेळतो. त्याने एका ऑनलाइन लिलावात जॉर्ज बालाबुश्का या नामांकित क्यू-कारागिराच्या नावाचा क्यू (खेळायची काठी) हेरून ठेवलाय. बालाबुश्का १९७५ मध्ये वारले, त्यामुळे नवा माल येणार नाही आणि भाव चढेच. नकलाही भरपूर, शिवाय परवाना घेऊन त्यांच्या नावाने काढलेले नंतरचे क्यू वेगळेच!

माझा जीव अडकलाय तो फोटोंवर. सगळे लांबून काढलेले. काठीचे दोन भाग जिथे जुळतात तिथला पितळी-स्टीलचा भाग आणि पेच कुठेच नीट दिसत नाही. हँडलचा दोरा पिवळट पडलाय, पण लाकडावरचं पॉलिश मात्र कोरं करकरीत. म्हणजे नंतर घासून पुन्हा चढवलंय ना? काठी सरळ आहे का ते कळावं म्हणून दोन्ही भाग जोडून टेबलावर फिरवतानाचा व्हिडिओ मागितला, तर विक्रेता म्हणतो, ‘आहे तसा घ्या, परत घेणार नाही.’ मला हे पटत नाही.

दुसरी काळजी हस्तिदंताची. जुन्या क्यूंच्या टोकाशी आणि नक्षीत तो असायचा, आणि आपल्याकडे वन्यजीव कायद्याने त्याच्या व्यापारावर बंदी आहे. कस्टममध्ये अडकला तर पैसेही गेले आणि कटकटही मागे लागली.

कोणी असा क्यू परदेशातून मागवलाय का? ड्युटी किती लागली? ठाणे-नवी मुंबईत क्यू पारखणारा, दुरुस्त करणारा भरवशाचा माणूस माहीत आहे का? आपल्या पावसाळ्यात लाकूड वाकू नये म्हणून काय करता, तेही सांगा. लिलाव रविवारी संपतोय, दादा थांबायला तयार नाही.