'सर्व मजकूर खोटा आहे' एवढी कैफियत पुरते का?

शाहूपुरीकर
काल ग्रुपवर एक पोस्ट फिरत आली: दिवाणी दाव्याचं समन्स आलं तर वकिलाला पैसे घालवू नका, 'दाव्यातील सर्व मजकूर खोटा असून मान्य नाही' अशी कैफियत, म्हणजे दाव्याचं लेखी उत्तर, एका कागदावर लिहून द्या, पुढचं कोर्ट बघतं. खाली अंगठ्यांची रांग. लोकांची घरं-जमिनी जातील अशानं!

स्वतः कैफियत देता येते, मराठीत देता येते, त्याला कुणाची हरकत नाही. पण दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या ऑर्डर ८ चे रूल ३ ते ५ वाचा. दाव्यातला एकेक परिच्छेद घेऊन कबूल की नाकबूल, आणि नाकबूल तर खरं काय, ते लिहावं लागतं. नेमकं नाकारलं नाही ते कबूल धरलं जातं. वादी म्हणतो पाच लाख हातउसने दिले. तुम्ही 'पाच लाख घेतले नाहीत' लिहिलंत, तर मग चार घेतले काय? किती घेतले, की एक रुपयाही नाही, ते स्पष्ट लिहा. शेवटी सत्यापन, म्हणजे मजकूर खरा असल्याचं सहीनिशी लिहिणं, सोबत प्रतिज्ञापत्र आणि आपले कागद. मुदत समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, कोर्टानं कारण नोंदवून वाढवली तर ९०.

तालमीतला
म्हणजे फिरून वकिलाच्याच दारात. आमच्या वडिलांच्या वाटपाच्या दाव्यात वकिलानं फी घेतली आणि कैफियत दिलीच नाही. 'नो डब्ल्यूएस', म्हणजे कैफियतीशिवाय दावा पुढे चालवायचा हुकूम, झालाय हे आम्हाला कोर्टातल्या शिरस्तेदारानं सांगितलं. वडील त्या रात्री जेवले नाहीत. त्यापेक्षा एका कागदावर स्वतः लिहिलेलं काय वाईट?

काळाकोट_कोल्हापूर
एकानं बुडवलं म्हणून सगळे वकील चोर? याच वकिलांनी कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच यावं म्हणून कित्येक दशकं आंदोलन केलं, कामबंद केलं. १८ ऑगस्ट २०२५ ला बेंच सुरू झालं ते आपोआप नाही.

तालमीतला
बेंचचा इथं काय संबंध? आमचा दावा बावड्यातल्या खालच्या कोर्टात पडून आहे. अपिलाला मुंबईला जायचं वाचलं, मान्य. पण खालच्या कोर्टातला निकालच लागला नाही तर अपील कशाचं करू?

सांगलीवाला
सहा जिल्ह्यांना उपयोग झालाय हो. आमच्या आत्याचं अपील मुंबईत होतं. रात्रीची गाडी, सकाळी कोर्ट, दुपारी पुढची तारीख. सत्तरीच्या बाईनं किती सोसायचं? आता सकाळी निघून संध्याकाळी घरी येते.

तालमीतला
आत्यांचं चांगलं झालं, त्याबद्दल वाद नाही. पण बेंच आलं म्हणून सत्कार घेणाऱ्यांनी तालुक्याच्या कोर्टातल्या तारखांसाठीही रस्त्यावर यावं.

काळाकोट_कोल्हापूर
रिकाम्या जागा वकील भरतात काय? न्यायाधीश कमी, स्टाफ कमी, आणि शिव्या आम्हाला.

भुदरगडची
बेंच पुरे करा. मूळ पोस्ट वाचून कुणीतरी खरंच तसा कागद देईल. माझ्या भावावर हद्दीचा दावा पडला. तो म्हणत होता ३० दिवस आहेत, निवांत लिहू. पण सोबत तूर्तातूर्त मनाईचा, म्हणजे निकालापर्यंत बंदी मागणारा अर्ज (कोर्टाच्या भाषेत निशाणी ५) होता आणि त्याची तारीख आधीच होती. त्यावर म्हणणं दिलं नसतं तर विहिरीकडची वाटच बंद झाली असती. आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो आणि मीही प्रतिवादी होते. मिळालेल्या वकीलबाईंनी मोजणीचा नकाशा बघून म्हणणं लिहिलं. फुकटातला वकील काम करत नाही असं इथं कुणी लिहू नये.

काळाकोट_कोल्हापूर
हे खरं आहे. आणि पैसे उलट वादीकडून येणं असेल तर कैफियतीतच प्रतिदावा करा, त्याला मात्र कोर्ट फी लागते. ९० दिवस उलटले की सगळं संपलं असंही नाही. साध्या दाव्यात सबळ कारण असेल तर कोर्ट उशिराची कैफियत घेऊ शकतं, २००५ पासून सर्वोच्च न्यायालयाचे तसे निवाडे आहेत. व्यापारी दाव्यात १२० दिवसांनंतर एक दिवसही नाही.

तालमीतला
आमच्या वकिलानं हे का नाही सांगितलं मग?

शाहूपुरीकर
तोच राग धरून लोकांना एका ओळीची कैफियत द्यायला लावू नका. वकील नको तर नको. निदान दाव्याची प्रत पूर्ण मिळाली का बघा, परिच्छेदवार लिहा, दिल्याची पोच घ्या.

तालमीतला
परिच्छेदवारचं पटलं. वकिलांचं नाही पटलं, आणि पटणारही नाही. वडिलांचा 'नो डब्ल्यूएस'चा हुकूम रद्द करायला अर्ज करता येतो का, एवढं सांगा.

काळाकोट_कोल्हापूर
येतो. उशिराचं कारण लिहा, कैफियत तयार करून अर्जासोबतच जोडा. कोर्ट खर्च बसवेल, तो भरायची तयारी ठेवा. रोजनाम्याची, म्हणजे कोर्टातल्या तारखांच्या नोंदींची, नक्कल काढून मेसेज करा, मी बघतो. फी नको.