नवीन यंत्रणा यायला एवढी वर्षं का लागतात? सेफ्टी की नुसती टाळाटाळ?

अर्धवटराव२
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. फोन आपण दोन-तीन वर्षांत बदलतो, पण रेल्वे सिग्नल, वीज ग्रिड, असल्या गोष्टींत काही नवीन आणायचं म्हटलं की वर्षानुवर्षं नुसत्या चाचण्या आणि मंजुऱ्या. परवा एका मित्राशी ह्यावरून चांगलीच जुंपली, तो म्हणतो सेफ्टी आधी, मी म्हणतो सेफ्टीचं नाव पुढे करून कामं टाळतात, जुनं तेच सेफ हे ठरवलं कुणी? कितीतरी ठिकाणी अजून रिले (करंटवर आपोआप चालू-बंद होणारे स्विच) वापरतात म्हणे, कॉईल आणि कॉन्टॅक्टवाले, शंभर वर्षांपूर्वीची टेक्नॉलॉजी! तेच काम साधा कॉम्प्युटर मिलिसेकंदात करेल. ह्या क्षेत्रातलं कुणी असेल तर सांगा, फक्त "जुनं ते सोनं" टाईप उत्तर नको प्लीज.

लाल_दिवा
सिग्नल मेंटेनन्समध्ये बावीस वर्षं काढली, तुम्ही रिलेलाच हात घातलात म्हणून लॉगिन केलं, नाहीतर मी नुसता वाचणारा.

सिग्नलचा रिले कधी हातात घेऊन बघा. चांगला जड असतो. करंट चालू आहे तोवर आतलं आर्मेचर, म्हणजे हलणारा लोखंडी तुकडा, वर धरलेलं राहतं, करंट गेला की स्वतःच्या वजनाने खाली येतं, टक्क. तो आवाज रिले रूममध्ये इतका ऐकलाय की झोपेतही ओळखेन. आता ह्याचा उपयोग बघा. ट्रॅक सर्किट म्हणजे रुळाच्या तुकड्याच्या एका टोकाला बॅटरी, दुसऱ्या टोकाला रिले, आणि करंट जातो रुळांतूनच. विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्ये काढलेली आयडिया. गाडी आली की चाकं आणि ॲक्सल दोन रूळ जोडून टाकतात, करंट तिथूनच परत फिरतो, रिले उपाशी राहतो, पडतो, सिग्नल लाल. बॅटरी बसली, तरी लाल. वायर तुटली, तरी लाल. रूळ मोडला तर बऱ्याचदा तेही त्यातच कळतं. म्हणजे बिघडायचंच असेल तर गाड्या थांबतील अशा बाजूला बिघड, हे वायरिंगमध्येच घालून ठेवलंय, आणि शेवटी काम कोण करतं तर गुरुत्वाकर्षण, जे काही संपावर जात नाही.

आता तुमचा कॉम्प्युटर. मिलिसेकंदात करेल, मान्य. पण तो बिघडला तर कुठल्या बाजूला बिघडेल? मेमरीतल्या शून्याचा एक झाला तर त्या बिटला वजन थोडंच आहे खाली पडायला. म्हणून तिथे दोन किंवा तीन प्रोसेसर लावतात, तिघांतल्या दोघांचं उत्तर जुळलं तरच पुढे, नाहीतर लाल. आणि हे चालू आहे बरं का, स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९७८ मध्येच कॉम्प्युटरवर इंटरलॉकिंग (दोन गाड्यांना एकमेकांच्या वाटेत येऊ न देणारी सिग्नलची यंत्रणा) आलं. वेळ जातो तो यंत्र बनवायला नाही, ते चुकेल तेव्हा कसं चुकेल हे लिहून सिद्ध करायला.

घाई_गडबड
लाल_दिवा काका, समजावलंत मस्त, पण अर्धवटरावांचा मुद्दा एवढा हलका नाहीये. थांबण्याचीही किंमत असते, फक्त ती कुणाच्या नावावर चढत नाही.

रेल्वेच्या ब्रेकचंच घ्या. सुरुवातीला हवेचे ब्रेक असे होते की हवा भरली की ब्रेक लागणार, म्हणजे पाईप फुटला की ब्रेक गायब! वेस्टिंगहाऊसने १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते उलटं केलं, पाईपमधे दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला, दाब गेला की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली हवा आपोआप ब्रेक लावणार. डबे सुटले तरी जागच्या जागी उभे. हीच तुमची खाली पडणाऱ्या रिलेची आयडिया, बरोबर? मग ती सगळीकडे लगेच लागली का? नाही. आयर्लंडमधे आर्माघजवळ १२ जून १८८९ ला सहलीची खच्चून भरलेली गाडी चढावर अडकली, गाडी दोन भागांत सोडवून पुढचा भाग आधी न्यायचं ठरलं, ब्रेक होते साधे व्हॅक्युमचे, आपोआप न लागणारे. कपलिंग काढल्यावर मागच्या डब्यांना नुसता गार्डचा हातब्रेक उरला, तो पुरला नाही आणि ते उतारावरून मागून येणाऱ्या गाडीवर जाऊन आदळले. ८० च्या आसपास माणसं गेली, त्यात खूप लहान मुलं. आणि मग त्याच वर्षी आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे करणारा कायदा झाला. पंधरा वर्षांहून जास्त काळ उपाय बाजारात होता हो. तेव्हा "घाई नको" म्हणणाऱ्यांनी ह्या मधल्या वर्षांचाही हिशोब द्यावा.

फेज_न्यूट्रल
मी ग्रिडवाला, माझं थोडं वेगळं. आमच्याकडे भांडण यंत्रावरून कमी आणि सेटिंगवरून जास्त होतं.

दक्षिण ऑस्ट्रेलिया, २८ सप्टेंबर २०१६. वादळात टॉवर आडवे झाले, व्होल्टेज एकामागून एक गचके खायला लागलं. बऱ्याच पवनचक्क्यांच्या कंट्रोलमध्ये असं सेट केलेलं की थोड्या वेळात ठरावीक संख्येपेक्षा जास्त गचके आले की स्वतःला वाचवायला उत्पादन तोडायचं. त्यांनी तोडलं. मग सगळा भार शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या लाईनवर, तीही ट्रिप, अख्खं राज्य अंधारात. बघा, प्रत्येक यंत्र आपापल्या परीने "सेफ" बाजूलाच पडलं होतं! सिग्नलमधे लाल म्हणजे सेफ हे ठीक आहे, ग्रिडमधे सगळ्यांनी एकदम लाल दाखवलं की ब्लॅकआउट. नंतर ती सेटिंग बदलून घेतली, नवीन लोखंड लागलं नाही.

आणि घाई_गडबड खूश होतील असंही सांगतो, त्याच राज्यात पुढच्याच वर्षी हॉर्न्सडेलला १०० मेगावॅटची बॅटरी बसली, आणि १४ डिसेंबर २०१७ ला व्हिक्टोरियातला कोळशाचा एक मोठा युनिट, ५६० मेगावॅट, अचानक गेला तेव्हा दुसरं कुणी जागं व्हायच्या आत ह्या बॅटरीने वीज टाकायला सुरुवात केली. टाकली ७ मेगावॅटच्या आसपास, म्हणजे समुद्रात लोटा, पण वेग बघून आमच्यातले जुने लोक गप्प झाले. हे बघून पण लगेच "सोलर-पवन चांगलं की वाईट" सुरू करू नका, त्या धाग्यांना मी आता उत्तरच देत नाही.

सहज_डोकावलो
बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानाचं कुणीच काढलं नाही? विमानाच्या नाकाचा कोन मोजणारे सेन्सर दोन, पण नाक खाली दाबणारं सॉफ्टवेअर एका वेळी एकाचंच ऐकायचं. सेन्सर खोटं बोलला, सॉफ्टवेअरने आज्ञाधारकपणे ऐकलं. २०१८ आणि २०१९ मिळून दोन अपघात, ३४६ माणसं.

उलट जपानच्या शिंकानसेनने १९६४ पासूनच सिग्नल ड्रायव्हरच्या समोर केबिनमधे दिला, कारण ताशी २१० किमीला बाहेरचा दिवा वाचता येत नाही. भूकंप झाला की मार्गाची वीज तोडतात आणि वीज गेली की गाडी स्वतः ब्रेक मारते. नवीन होतं आणि पहिल्या दिवसापासून सेफही.

अर्धवटराव२
बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद. आर्माघचं माहीतच नव्हतं. काका एक विचारू? रिले एवढा भरवशाचा, नवीन यंत्रणाही एवढी तपासून घेता, मग तुमच्या कामात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?

लाल_दिवा
बदलायच्या रात्रीची.

लंडनजवळचं क्लॅपहम जंक्शन शोधून वाचा, १२ डिसेंबर १९८८, गाड्यांची टक्कर, ३५ मृत्यू. जुनं सिग्नलिंग काढून नवीन बसवत होते, म्हणजे सेफ्टीसाठीच चाललेलं काम. एका टेक्निशियनने जुनी वायर रिलेकडून सोडवली पण फ्यूजकडून तशीच ठेवली, टोक कापलंही नाही, बाजूला बांधलंही नाही. दोन आठवडे काही झालं नाही. मग अपघाताच्या आदल्या दिवशी शेजारच्या रिलेचं काम करताना ती हलली आणि परत जुन्या जागी टेकली. झालं, रिलेला चोरवाटेने करंट. रुळावर गाडी उभी, तरी रिले वर धरलेला, सिग्नल लाल व्हायलाच तयार नाही. वरती एवढं सांगितलेलं गुरुत्वाकर्षण एका तांब्याच्या टोकाने हरवलं. चौकशीत निघालं की त्या माणसाला तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती, आणि त्याचं काम दुसऱ्या कुणी वायर मोजून तपासलंच नव्हतं.

मी स्वतः एका ठिकाणी, जागा सांगत नाही, पहाटे चारला रॅकच्या मागे टॉर्च मारला तर अशीच एक वायर लोंबत होती, टोकाच्या धातूच्या लगसकट, टर्मिनलपासून बोटभर अंतरावर. मीटर लावला, २४ व्होल्ट. वरचे साहेब म्हणाले सहाला पहिली गाडी आहे, नंतर काढू. मी म्हणालो मग माझी सही नंतर घ्या. पाऊण तास उशीर झाला, चार शिव्या खाल्ल्या, वायर दोन्ही टोकांकडून काढून खिशात घालून घरी आणली. अजून ड्रॉवरमधे आहे.

अर्धवटराव२
हे सगळं मित्राला वाचून दाखवलं. म्हणतो बघ, मी काय सांगत होतो. मी म्हणालो अर्धंच ऐकलंस, आर्माघचं परत ऐक. जुंपलीये परत.