अबोल पण अभ्यासू मुलीसाठी लंडनमधील चुरशीची खासगी शाळा निवडावी का? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. आम्ही लंडनच्या वायव्येला, हॅरोमधील पिनर येथे राहतो. आमची मुलगी दहा वर्षांची असून सध्या इयर फाइव्हमध्ये, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटून दुसऱ्या वर्गात शिकते, आणि पुढील वर्षीच्या सप्टेंबरमध्ये तिला माध्यमिक शाळेत जायचे आहे. प्रवेशपरीक्षा घेऊन मोजक्याच मुलींना घेणाऱ्या खासगी शाळांसाठी तिचे नाव नोंदवावे की घराजवळच्या चांगल्या सरकारी शाळेवर विश्वास ठेवावा, याबाबत माझ्या आणि माझ्या पत्नीच्या मतांत अंतर आहे. ज्यांनी या मार्गाने मुलांना पाठवले आहे किंवा विचारपूर्वक पाठवले नाही, अशा पालकांचे अनुभव समजून घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

प्रथम मुलीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझा प्रश्न शाळांच्या क्रमवारीचा नसून तिच्या स्वभावाचा आहे. ती घरात, आजीशी फोनवर आणि तिच्या एकुलत्या एका मैत्रिणीशी मोकळेपणाने बोलते. वर्गात मात्र उत्तर येत असूनही हात वर करत नाही. पालकभेटीत तिच्या शिक्षिका दरवर्षी जवळजवळ तेच सांगतात: काम उत्तम आहे, सर्व काही समजते, फक्त तिने अधिक बोलावे. तिला एखादा विषय लागला की ती त्यात दिवसचे दिवस राहते. मध्यंतरी तिने मूळ संख्यांविषयी वाचले आणि एका मोठ्या कागदावर एक ते हजारपर्यंतचे आकडे मांडून पटीतील आकडे रंगवून काढले. ते झाल्यावर मूळ संख्या पुढेपुढे विरळ का होत जातात, असे तिने मला विचारले. हा प्रश्न तिने शाळेत कोणालाही विचारला नव्हता, आणि त्याचे कारण विचारल्यावर, तेथे असे प्रश्न कोणी विचारत नाही, असे तिने शांतपणे सांगितले. तिला त्याचे दुःख होते असे दिसले नाही. मला मात्र ते वाक्य अजून सोडत नाही.

भारतातील वाचकांसाठी येथील व्यवस्था थोडक्यात सांगतो. माध्यमिक शाळा अकराव्या वर्षी, इयर सेव्हनपासून सुरू होते. सरकारी शाळांसाठी लंडनमध्ये एकच सामायिक अर्ज असतो, त्यात पसंतीक्रमाने सहा शाळा लिहिता येतात, तो ३१ ऑक्टोबरपर्यंत भरावा लागतो आणि निकाल १ मार्चला कळतो. परीक्षेने निवड करणाऱ्या सरकारी शाळांना ग्रामर स्कूल म्हणतात. हॅरोमध्ये अशी एकही शाळा नाही. मुलींसाठी त्यातल्या त्यात आवाक्यातली ग्रामर शाळा म्हणजे हॅम्पस्टेड गार्डन सबर्बमधील हेन्रिएटा बार्नेट. तेथे शुल्क नाही, पण शंभरेक जागांसाठी हजारो मुली परीक्षा देतात, त्यामुळे तिच्या भरवशावर योजना आखता येत नाही. खासगी शाळांची नोंदणी साधारणपणे शरद ऋतूत बंद होते, परीक्षा व मुलाखती नोव्हेंबर ते जानेवारीत होतात, प्रवेशाची पत्रे फेब्रुवारीत येतात आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात होकार व अनामत रक्कम द्यावी लागते. म्हणजे सरकारी शाळेचा निकाल हाती आल्यावर खासगी शाळेबाबत ठरवायला जेमतेम काही दिवस उरतात. म्हणूनच कोणती शाळा मिळाली तर काय करायचे, हे आम्हाला आधीच निश्चित करून ठेवायचे आहे.

आमच्या विचारात दोन प्रकारच्या खासगी शाळा आहेत. एक म्हणजे एजवेअरजवळची नॉर्थ लंडन कलीजिएट. फ्रान्सिस मेरी बस यांनी १८५० मध्ये मुलींच्या शिक्षणासाठी स्थापन केलेली ही शाळा अभ्यासासाठी देशभर नावाजलेली आहे, आणि तेथे शेवटच्या दोन वर्षांत ए-लेव्हल या नेहमीच्या शालान्त परीक्षेबरोबर इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचाही पर्याय मिळतो. ती इंग्रजी व गणिताची स्वतःची परीक्षा घेते आणि त्यानंतर मुलाखत. दुसऱ्या म्हणजे साऊथ हॅम्पस्टेड, नॉटिंग हिल अँड ईलिंग, चॅनिंग अशा काही मुलींच्या शाळांनी मिळून केलेल्या समूहातील शाळा. त्यांची संगणकावर द्यायची एकच सामायिक क्षमताचाचणी डिसेंबरच्या सुरुवातीला असते, त्यामुळे मुलीला प्रत्येक शाळेच्या वेगळ्या लेखी परीक्षेला बसावे लागत नाही. प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापकांचा अभिप्राय आणि शाळेने घेतलेली मुलाखत यांनाही तेथे महत्त्व असते, आणि काही शाळा मुलींना लहान गटात बसवून एखादे काम करायला देतात व त्या वेळी त्यांचे निरीक्षण करतात.

माझी पहिली चिंता येथेच आहे. लेखी परीक्षेची मला भीती वाटत नाही. पण अनोळखी पाच-सहा मुलींच्या गटात आमची मुलगी पहिली दहा मिनिटे नुसती ऐकत बसेल, हे मी खात्रीने सांगू शकतो. नंतर ती जे बोलेल ते बहुधा सर्वांत नेमके असेल, परंतु तोपर्यंत काम संपलेले असू शकते. आमच्या परिसरातील एका शिकवणीचालकांनी सुचवले की तिला मुलाखतीची खास तयारी द्यावी: डोळ्यांत पाहून बोलणे, स्वतःहून मुद्दा मांडणे, आवडत्या पुस्तकाविषयी दोन मिनिटे अस्खलित सांगणे. थोडा सराव असावा हे मला मान्य आहे, म्हणजे निदान प्रश्न अचानक येऊन ती गोंधळणार नाही. परंतु शिकवलेल्या उत्साहाच्या बळावर प्रवेश मिळाला, तर पुढची सात वर्षे शाळा त्याच उत्साही मुलीची वाट पाहील, आणि आमच्या खऱ्या मुलीला रोज तिची जागा भरून काढावी लागेल. ज्या शाळेला ती आहे तशी पसंत पडत नाही, त्या शाळेने तिला मुलाखतीतच नाकारलेले मला अधिक बरे वाटेल. हे मत टोकाचे आहे का, तेही कृपया सांगावे.

पत्नीचे म्हणणे वेगळे आहे आणि ते मला सहजासहजी बाजूला सारता येत नाही. आमच्या घरापासून चालत जाता येईल अशी नोवर हिल ही सरकारी शाळा चांगली मानली जाते. पत्नीच्या मते आमची मुलगी तेथे गणिताच्या वरच्या गटात सहज जाईल, तिला स्वतःची क्षमता स्पष्ट दिसेल आणि त्या विश्वासावरच तिची वाणी मोकळी होईल. उलट जिथे प्रत्येक मुलगी प्राथमिक शाळेत पहिली होती, तिथे ती मधल्या रांगेत जाईल आणि अधिकच गप्प होईल. पत्नीने हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मांडलेला सिद्धांत माझ्यासमोर ठेवला. सारख्याच क्षमतेच्या दोन मुलांपैकी जे मूल अधिक हुशार मुलांच्या शाळेत असते, त्याचे स्वतःच्या अभ्यासाविषयीचे मत सरासरीने कमी असते, असा त्याचा आशय आहे, आणि निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत तो पुन्हापुन्हा आढळलेला आहे. माझे उत्तर इतकेच आहे की आमची मुलगी स्वतःला इतरांशी फारशी मोजत नाही. तिला पहिला क्रमांक नको आहे. मूळ संख्यांचा प्रश्न विचारल्यावर ज्याचे डोळे चमकतील असे कोणीतरी शेजारच्या बाकावर हवे आहे. मात्र दहाव्या वर्षी न मोजणारी मुलगी चौदाव्या वर्षी मोजू लागणार नाही, याची हमी मी कशी देणार?

पैशाचा प्रश्नही आहे. १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या शुल्कावर २० टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला असून अशा नावाजलेल्या शाळांचा वर्षाचा खर्च आता करासह तीस हजार पौंडांच्या आसपास किंवा त्याहून पुढे जातो. आम्ही दोघे नोकरी करतो. उत्पन्न पाहून मिळणारी शुल्कसवलत आम्हाला बहुधा मिळणार नाही, आणि हुशारीसाठीच्या शिष्यवृत्तीची रक्कम बऱ्याच ठिकाणी नाममात्र असते. धाकटा मुलगा आहे, त्यालाही हीच संधी देता यायला हवी, नाही तर एकासाठी केलेला खर्च दुसऱ्यावर अन्याय ठरेल. काटकसर करून दोघांचे शुल्क भरता येईल, पण भारतात आईवडिलांकडे वर्षातून एकदा जाणे तेवढे सोपे राहणार नाही.

प्रवासाचा मुद्दा किरकोळ वाटला तरी अबोल मुलांच्या बाबतीत तो मोठा असावा असे मला वाटते, कारण दिवसभर माणसांत राहून ती थकून येते आणि घरी आल्यावर तासभर तिला कोणी बोलावलेले चालत नाही. साऊथ हॅम्पस्टेडसाठी पिनरहून मेट्रोपॉलिटन लाइनने थेट फिंचली रोडला जाता येते. हेन्रिएटा बार्नेटला मात्र गाडी आणि बस बदलत जावे लागेल.

शाळांचे खुले दिवस आम्ही पाहत आहोत, परंतु त्यांतून माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. पाहुण्यांना शाळा दाखवायला साहजिकच आत्मविश्वासाने बोलणाऱ्या मुली निवडलेल्या असतात, आणि गप्प मुली त्या दिवशी कुठे असतात ते दिसत नाही. आता मी साध्या दिवशी, वर्ग चालू असताना भेट मागणार आहे. जेवणाच्या सुट्टीत ग्रंथालय उघडे असते का, तेथे नुसते वाचत बसलेल्या मुलीला बाहेर खेळायला पिटाळतात का, वर्गशिक्षिका दरवर्षी बदलतात की काही वर्षे त्याच राहतात, शिक्षक उत्तरासाठी हात वर करणाऱ्यांकडेच पाहतात की आधी सर्वांना लिहायला वेळ देतात, हे मला पाहायचे आहे. आणखी काय पाहावे, हे अनुभवी पालकांनी सांगितल्यास फार उपकार होतील.

माझे मुख्य प्रश्न असे आहेत. ज्यांची मितभाषी मुलगी किंवा मुलगा अशा चुरशीच्या शाळेत गेला, त्यांना पहिल्या वर्षानंतर काय दिसले? आपल्यासारखी मुले भेटल्याने ते मूल मोकळे झाले, की गृहपाठ, चाचण्या आणि गुणांच्या गप्पांत आणखी मिटून गेले? मुलाखतीत शांत मुलांना खरोखर वेळ दिला जातो का? आणि ज्यांनी जवळची सरकारी शाळा निवडली, त्यांच्या मुलांना अभ्यासाची आवड लपवावी लागली का? हा शेवटचा प्रश्न पत्नीसाठीही महत्त्वाचा आहे, कारण तिच्या पर्यायाबाबत तिला वाटणारी एकमेव काळजी तीच आहे.

येथील वाचकांत पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनी प्रशालेसारख्या, चाचण्या घेऊन निवडक मुले घेणाऱ्या शाळेत शिकलेले कोणी असतील, तर त्यांनीही आवर्जून लिहावे. देश आणि व्यवस्था वेगळी असली तरी दहा-अकरा वर्षांच्या वयात एकाएकी आपल्याइतक्याच हुशार मुलांमध्ये जाऊन बसणे म्हणजे काय, हे तुम्ही आतून पाहिले आहे. त्यातही जे स्वतः त्या वयात अबोल होते, त्यांचे म्हणणे मला सर्वाधिक ऐकायचे आहे.

मुलीलाही आम्ही विचारले आहे. तिने दोन्ही प्रकारच्या शाळा पाहून मग सांगते, असे उत्तर दिले आहे, आणि तिचे मत आम्ही नक्कीच विचारात घेणार आहोत. आम्हाला उन्हाळ्याची सुट्टी संपण्यापूर्वी शाळांची यादी निश्चित करायची आहे. सार्वजनिक धाग्यावर शाळेचे नाव लिहिणे अवघड वाटत असेल, तर नाव न घेता केवळ अनुभव लिहिला तरी चालेल. आपणा सर्वांचे आगाऊ आभार.